भग्नसंधान आणि रुग्णाचा दिनक्रम : सुश्रुतोक्त पथ्यापथ्याचा व्यवहारातील विचार

प्रस्तावना

अस्थिभग्नाचा रुग्ण आज प्रथम आपल्याकडे येत नाही. तो अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो, क्ष-किरण चित्र काढले जाते, प्लास्टर घातले जाते किंवा शस्त्रक्रिया होते. हे योग्यच आहे. स्थानच्युत अस्थी स्वस्थानी बसवणे आणि ती स्थिर ठेवणे यासाठी आज जी साधने उपलब्ध आहेत त्यांचा लाभ रुग्णास मिळालाच पाहिजे. मात्र प्लास्टर घातल्यानंतर रुग्ण घरी जातो आणि पुढील सहा आठवडे ते तीन महिने तो काय खातो, कसा झोपतो, किती हालचाल करतो, कोणते व्यसन चालू ठेवतो, याची विचारपूस बहुधा कोणी करीत नाही. अस्थी जुळण्याचे प्रत्यक्ष कार्य मात्र याच काळात शरीर करीत असते.

हाच रुग्ण दोन-तीन आठवड्यांनी आपल्याकडे येतो आणि विचारतो, "वैद्यराज, हाड लवकर भरून यायला काही औषध द्या." अशा वेळी लाक्षादि गुग्गुळाची डबी देऊन त्याची बोळवण करणे सोपे असते. परंतु शास्त्राची अपेक्षा त्याहून अधिक आहे. प्रस्तुत लेखात भग्नाच्या रुग्णाच्या आहारविहाराचा विचार संहिता आणि आजचे ज्ञान या दोहोंच्या आधारे केला आहे.

संहितोक्त आधार

सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या १५ व्या अध्यायात भग्नाचे निदान व चिकित्सास्थानाच्या ३ ऱ्या अध्यायात चिकित्सा आली आहे. संधिमुक्त भग्नाचे ६ व कांडभग्नाचे १२ प्रकार आपण पदवी अभ्यासक्रमात पाठ केलेले असतात. त्या मानाने साध्यासाध्यतेच्या वर्णनाकडे आपले लक्ष कमी जाते. भग्न कष्टसाध्य कोणाचे, हे सांगताना सुश्रुताचार्यांनी अल्प आहार घेणारा, स्वतःवर संयम नसणारा, वातप्रकृतीचा आणि उपद्रवांनी युक्त असा रुग्ण सांगितला आहे. यातील पहिली दोन कारणे पूर्णतः रुग्णाच्या वर्तनाशी निगडित आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अस्थी कशी मोडली याइतकेच ती कोणाची मोडली, हेही आचार्यांनी महत्त्वाचे मानले.

चिकित्सास्थानात लवण, कटु, क्षार, अम्ल, मैथुन, आतप, व्यायाम आणि रूक्ष अन्न या आठ गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत. शाली, मांसरस, दूध, तूप, वाटाण्याचे यूष आणि अन्य बृंहण अन्नपान पथ्य म्हणून सांगितले आहे. मधुर औषधांनी सिद्ध केलेले, तूप व लाक्षायुक्त, थंड केलेले दूध सकाळी द्यावे, असेही सांगितले आहे. यासाठी प्रथम व्यालेल्या गाईचे दूध सांगितले असले तरी आजच्या व्यवहारात चांगल्या प्रतीचे गाईचे दूध पुरेसे समजावे.

या यादीमागील सूत्र अष्टांगहृदयात स्पष्ट होते. अस्थी हे वाताचे आश्रयस्थान आहे. अन्य दोष व धातू यांच्यात वृद्धीने वृद्धी व क्षयाने क्षय असा संबंध असतो, तर वात व अस्थी यांचा संबंध याच्या उलट आहे. वात वाढला की अस्थीचा क्षय होतो. त्यामुळे वातवर्धक असा प्रत्येक आहारविहार भग्नसंधानाच्या आड येतो. रूक्ष अन्न, उपवास, जागरण, अतिश्रम व चिंता या सर्वांचा विचार या एका सूत्राने करता येतो.

संधानाचा काल

वयानुसार संधानाचा कालही सुश्रुताचार्यांनी दिला आहे. बाल्यात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उत्तर वयात तिप्पट. शीत ऋतूत व अल्पदोष रुग्णात भग्न सुकर असते, असेही म्हटले आहे. आजचे अनुभव याच्याशी बरेच जुळतात. निरोगी प्रौढाच्या हाताच्या अस्थीस सुमारे ६ आठवडे, पायाच्या दीर्घास्थीस सुमारे १२ आठवडे वा अधिक लागतात, मुलांत हा काल बराच कमी असतो.

आधुनिक शास्त्रानुसार प्रथम भग्नस्थानी रक्तसंचय व शोथ, नंतर मृदु संधानक, त्यानंतर कठीण संधानक आणि शेवटी अस्थीची पुनर्रचना अशा अवस्था होतात. पुनर्रचनेची शेवटची अवस्था अनेक महिने, काही वेळा वर्षांपर्यंत चालू राहते. म्हणून प्लास्टर निघाले म्हणजे पथ्य संपले, अशी रुग्णाची समजूत असते ती दूर करावी. तसेच या अवस्था ओलांडून हाड 'पंधरा दिवसांत' जोडून देण्याचे आश्वासन कोणत्याही औषधाच्या नावाने देऊ नये.

आहार : अल्पाशी रुग्ण ओळखावा

व्यवहारात वारंवार दिसणारे एक चित्र घेऊ. साठीच्या पुढची स्त्री, ओल्या न्हाणीत पाय घसरून हातावर पडते व मनगट मोडते. घरात ती सर्वांच्या शेवटी जेवते. सोमवार, एकादशी, चतुर्थी हे उपवास चालू असतात व उपवासाला चहा आणि थोडी साबुदाण्याची खिचडी एवढाच आहार असतो. दात नसल्याने भाकरी चहात बुडवून खाते. "काम नाही तर भूक कुठली लागणार," असे म्हणून दुखापतीनंतर आहार आणखी कमी होतो. सुश्रुताचार्यांचा 'अल्पाशी' तो हाच. अशा रुग्णास औषधांआधी अन्न मिळणे आवश्यक आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढास दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. प्रथिने निरोगी अवस्थेत प्रति किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम लागतात. भग्नावस्थेत वृक्क निरोगी असल्यास ती १ ते १.२ ग्रॅमपर्यंत मिळावीत, असे पाहावे. हे आकडे आपल्या स्वयंपाकघरात कसे बसतात ते पाहू.

अर्धा लिटर गाईच्या दुधातून सुमारे ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम व १६ ग्रॅम प्रथिने मिळतात. ५० ग्रॅम नाचणीतून सुमारे १८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. दोन चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम, सालासह तीळ घेतल्यास सुमारे १२० मिलिग्रॅमची भर पडते, जरी तिळातील सर्व कॅल्शियम शोषले जात नाही. शेवग्याच्या पाल्याची वा राजगिऱ्याची भाजी याला जोडली की दिवसाची गरज भागते. ६० ग्रॅम डाळीतून सुमारे १४ ग्रॅम व धान्यातून २० ते २५ ग्रॅम प्रथिने येतात. ५० किलो वजनाच्या शाकाहारी रुग्णासही एवढ्यात पुरेसे होते. मांसाहारी रुग्णास दोन अंडी वा मांसरस यांची जोड द्यावी.

यावरून रुग्णास सांगण्याजोगा दिनक्रम असा : सकाळी एक चमचा तूप घालून दूध, न्याहारीस दुधातील नाचणीची खीर, दुपारी तूप लावलेली मऊ भाकरी किंवा भात, मुगाचे वरण व पालेभाजी, सायंकाळी तिळाचा वा डिंकाचा लहान लाडू, रात्री मुगाचे किंवा वाटाण्याचे यूष, भात, तूप, आणि झोपताना पुन्हा दूध. दूध व मासे एका जेवणात देऊ नयेत.

पायाच्या सुपाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. बकऱ्याच्या पायांचे सूप हाड जोडते, या समजुतीने कुटुंबे मोठा खर्च करतात. ते बृंहण व स्निग्ध मांसरस म्हणून पथ्यकर आहे, पण त्यातून कॅल्शियम फारसे मिळत नाही. ज्यास ते परवडत नाही त्याने खंत करण्याचे कारण नाही, दूध, डाळ व नाचणी यांनी ते काम होते.

बृंहण म्हणजे अतिभोजन नव्हे. अग्नी मंद असता जड अन्न दिल्यास आमोत्पत्ती होते. जिभेवर साम लेप असेल, भूक नसेल तर प्रथम दोन-चार दिवस यूष, मऊ भात व सुंठ घातलेले पाणी द्यावे व मग दूध-तुपाचे प्रमाण वाढवावे. स्थूल रुग्णात वजन वाढवणारे लाडू टाळावेत. प्रमेही रुग्णात गूळ-साखर वर्ज्य करून रक्तशर्करा नियंत्रणात आहे ना हे पाहावे, कारण अनियंत्रित प्रमेहात संधान लांबते.

लवण, अम्ल, कटु, क्षार

हे चारही एकाच ताटात पाहायचे असतील तर लोणचे, पापड व खारवलेल्या मिरच्या पाहाव्यात. पापडात पापडखाराच्या रूपाने क्षारही येतो. जेवणाला चव नाही म्हणून रुग्ण नेमके हेच पदार्थ मागतो. अतिलवणाने मूत्रावाटे कॅल्शियमचा ऱ्हास वाढतो, हे आज ज्ञात आहे व ते या अपथ्याशी सुसंगत आहे. याचा अर्थ मीठ पूर्ण बंद करावे असा नाही. वरून मीठ घेणे, खारवलेले मासे, फरसाण व लोणची बंद करावीत, इतके पुरे.

अम्लाच्या बाबतीत विवेक हवा. आवळा व डाळिंब हे अम्ल असूनही पित्तकर नाहीत, असा अपवाद शास्त्रातच आहे. संधानासाठी आवश्यक असलेले क जीवनसत्त्व आवळ्यातून उत्तम मिळते. म्हणून 'आंबट बंद' असे सरसकट न सांगता चिंच, आंबट दही, व्हिनेगरचे पदार्थ बंद व आवळा चालू, असे स्पष्ट सांगावे.

आतपाचा प्रश्न

आतप वर्ज्य सांगितला असताना आपण ड जीवनसत्त्वासाठी ऊन घ्या, असे कसे सांगावे, हा प्रश्न तरुण वैद्य विचारतात. येथे संदर्भ पाहावा. सुश्रुतोक्त निषेध उष्ण, रूक्ष, श्रमकारक अशा आतपसेवनाचा आहे. घरात अडकून पडलेल्या, अंगभर वस्त्र घेणाऱ्या वृद्धेला सूर्यदर्शनच होऊ नये, असा त्याचा अर्थ घेता येत नाही. दुसरीकडे, पहाटेच्या कोवळ्या उन्हाने ड जीवनसत्त्व पुरेसे तयार होते ही समजूतही बरोबर नाही. त्यास आवश्यक असणारे किरण साधारणतः सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेत अधिक असतात. म्हणून सकाळी दहाच्या सुमारास हात, पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावे, डोक्यावर सावली असावी, घाम फुटेपर्यंत थांबू नये. ग्रीष्मात वेळ कमी करावी. भारतात ऊन मुबलक असूनही या जीवनसत्त्वाची न्यूनता सर्वत्र आढळते. ज्येष्ठ रुग्णात रक्ततपासणी करून न्यूनता असल्यास त्याची योग्य मात्रा द्यावी.

तंबाखू, मिश्री व मद्य

'अनात्मवान' या शब्दाचा आजचा सर्वांत ठळक अर्थ व्यसनी रुग्ण हा होय. निकोटीनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात व भग्नस्थानी रक्तपुरवठा घटतो. धूम्रपान करणाऱ्यांत संधान लांबणे व न जुळणे यांचे प्रमाण अधिक असते, हे सिद्ध झालेले आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखू-चुना, मावा व मिश्री यांचा वापर चालू आहे.

स्त्रीरुग्णास "तंबाखू खाता का" असे विचारल्यास "नाही" असेच उत्तर येते, कारण मिश्री हे तिच्या दृष्टीने दात घासण्याचे साधन असते. म्हणून "मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा" असे नाव घेऊनच विचारावे. मिश्री सोडवताना पहिले आठ-दहा दिवस शौचास न होणे, अस्वस्थता, चिडचिड होते. त्याची आधीच कल्पना द्यावी, दंतमंजन म्हणून त्रिफळा चूर्ण द्यावे व घरातील दुसऱ्या स्त्रीसही विश्वासात घ्यावे. मद्याने संधान तर लांबतेच, पुन्हा पडण्याचा धोकाही वाढतो.

निद्रा, मलप्रवृत्ती व मन

दिवास्वाप सामान्यतः निषिद्ध असला तरी चरकाचार्यांनी पडून अभिघात झालेल्यांना, क्षीण व वृद्धांना त्याची अनुमती दिली आहे. वेदनेने रात्री झोप न झालेल्या रुग्णास दुपारी तास-दीड तास झोपू द्यावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात मलावष्टंभ हटकून होतो. अपानाची विगुणता पुढे भूक घालवते. उष्णोदक, दुधात तूप, भिजवलेल्या मनुका व आवश्यकतेनुसार मृदु अनुलोमन द्यावे, तीव्र रेचन देऊ नये. मैथुनाचा निषेध तरुण रुग्णास संकोच न ठेवता सांगावा.

बंध, चेष्टा आणि मर्दन

बंध सैल असल्यास संधी स्थिर राहत नाही व गाढ असल्यास शोथ, वेदना व पाक होतो, म्हणून साधारण बंध श्रेष्ठ, हा सुश्रुतोक्त विचार आजही तंतोतंत लागू आहे. गाढ बंधाने हात वा पाय गमावण्याची वेळ रुग्णांवर येते. हाडवैद्याने घट्ट बांबूच्या पट्ट्या बांधलेले मूल आपल्याकडे आल्यास प्रथम बोटांचा रंग, उष्णता, संवेदना व हालचाल पाहावी. बोटे सरळ करताना असह्य वेदना होत असतील, बोटे पांढरी, निळसर वा बधिर असतील तर बंध तत्काळ सोडून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

ताज्या भग्नावर मर्दन करू नये. विशेषतः मुलांच्या कोपराच्या दुखापतीत चोळण्याने मांसात अस्थी तयार होऊन कोपर कायमचा आखडतो. अभ्यंगाचा काल संधान झाल्यावर, प्लास्टर निघाल्यावर व क्ष-किरण चित्राने खात्री झाल्यावर येतो. तेव्हाही गंधतैल वा तिळतेल हलक्या हाताने जिरवावे. प्लास्टरमध्ये खाज येते म्हणून सुई, सळई घालणे किंवा आत तेल सोडणे यापासून रुग्णास परावृत्त करावे.

व्यायाम वर्ज्य म्हणजे सर्व हालचाल वर्ज्य, असे नव्हे. हस्ततलाच्या भग्नात आचार्यांनी प्रथम मातीचा गोळा व बळ आल्यावर पाषाण धरावयास सांगितला आहे. क्रमाक्रमाने वाढणाऱ्या व्यायामाचे हे उत्तम उदाहरण आहे. मनगट प्लास्टरमध्ये असता बोटे, कोपर व खांदा पहिल्या दिवसापासून दिवसातून अनेक वेळा हलवावेत आणि हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. अन्यथा हाड जुळते, पण खांदा व बोटे आखडतात. पायावर भार केव्हा व किती द्यावा, हे मात्र शल्यचिकित्सकाच्या सल्ल्यानेच ठरवावे.

औषधे व औषधविक्रेत्यांसाठी सूचना

लाक्षादि गुग्गुळ, आभा गुग्गुळ, कांडवेल, अर्जुन, अश्वगंधा व नागबला ही औषधे सर्वांच्या परिचयाची आहेत. ताजी कांडवेल घशाला खाजते, म्हणून ती तुपावर परतून घेण्याची पद्धत आहे. जीर्ण, वातप्रधान व अस्थिक्षययुक्त रुग्णात तिक्तद्रव्यसिद्ध क्षीरबस्तीचा विचार करावा. ही सर्व औषधे योग्य स्थिरीकरण व पथ्य यांच्या जोडीनेच द्यावीत. गर्भिणीस व रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णास गुग्गुळकल्प देताना विशेष दक्षता घ्यावी.

औषधविक्रेत्या बंधूंकडे रुग्ण वैद्यापेक्षा अधिक वेळा येतो. त्यांनी पुढील गोष्टी आवर्जून सांगाव्यात. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यावी. लोहाची गोळी व कॅल्शियम यांत किमान २ तासांचे, थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांत ४ तासांचे अंतर असावे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी सामान्यतः आठवड्यातून एकदा असते. ती चुकून रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक रीतीने वाढते. पुडी देताना वार लिहून द्यावा. वेदनाशामके चिठ्ठीशिवाय आठवडेच्या आठवडे देऊ नयेत. दिवसेंदिवस वाढणारी वेदना हे औषध वाढवण्याचे नव्हे, तपासणीचे कारण असते.

सव्रण भग्न, प्लास्टरखाली दुर्गंधी वा स्राव, ज्वर, पोटरी सुजून दुखणे, एकाएकी धाप लागणे, ही लक्षणे दिसताच रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे.

पुन्हा पडणे टाळावे

पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडले तर तो अस्थिक्षयाचा पहिला इशारा समजावा व अस्थिघनतेची तपासणी करवून घ्यावी. घरातील न्हाणी कोरडी ठेवणे, तेथे धरण्यास कठडा बसवणे, सरकणारी पायपुसणी काढणे, रात्री मंद दिवा लावणे, चष्म्याचा क्रमांक तपासणे व झोपेच्या गोळ्यांचा पुनर्विचार करणे, हेही चिकित्सेचेच अंग आहे.

उपसंहार

अस्थी बसवणे हे शल्यचिकित्सकाचे कार्य, ती जुळवणे हे शरीराचे कार्य आणि शरीरास त्या कार्यासाठी अनुकूलता देणे हे वैद्याचे कार्य होय. भग्नाच्या प्रत्येक रुग्णास किमान पाच प्रश्न विचारावेत : दिवसभरात काय व किती खाता? कोणते उपवास करता? तंबाखू वा मिश्री किती वेळा? झोप व शौच कसे? मोकळी बोटे व सांधे हलवता का? उत्तरे टिपून पथ्याचा कागद लिहून द्यावा व तीन आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. सम्यक् संधानाची परीक्षा आचार्यांनी अंग हीन न होणे, उंचवटा न राहणे व सुखाने हालचाल होणे, अशी सांगितली आहे. क्ष-किरण चित्रातील हाड जुळले, पण हात पुन्हा भाकरी थापू लागला नाही, तर ते संधान अपूर्णच समजावे.